कृत्रिम सांधा : गुळगुळीत म्हणजे टिकाऊ नव्हे

गुडघा किंवा खुबा बदलायचे ठरले की घराघरांत एकाच प्रकारची चर्चा सुरू होते. हॉस्पिटल कोणते, सर्जन कोण, खर्च किती, विमा किती देणार आणि सांधा कोणत्या कंपनीचा. हल्ली त्यात धातूची भर पडली आहे. कोबाल्ट-क्रोमियमचा बसवायचा की टायटॅनियमचा? शेजारच्या काकांनी 'सोनेरी' गुडघा बसवून घेतला, तो जास्त चांगला का? माझ्यासारख्या फिजिशियनकडे हे रुग्ण शस्त्रक्रियेआधीच्या फिटनेससाठी येतात. रक्तदाब, साखर, ईसीजी सगळे पाहून झाले की जाता जाता हे प्रश्न हमखास निघतात.

एक प्रश्न मात्र जवळजवळ कोणीच विचारत नाही. तो म्हणजे, "या सांध्यातले प्लॅस्टिक कोणते आहे?"

बऱ्याच जणांना कृत्रिम सांध्यात प्लॅस्टिक असते हेच ठाऊक नसते. पण आज जगात बसवल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व गुडघ्यांत आणि बहुसंख्य खुब्यांत, एका बाजूला धातू किंवा सिरॅमिक आणि दुसऱ्या बाजूला पॉलिथिलिन अशीच जोडी असते. त्यातला धातू सहसा झिजून संपत नाही. झिजते ते प्लॅस्टिक. सांधा दीर्घकाळात किती टिकणार, याचा मोठा भाग या झिजण्यावर अवलंबून असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, सांधा बसवून घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला त्यातल्या प्लॅस्टिकची माहिती मिळालीच पाहिजे, आणि ती लेखी मिळाली पाहिजे. असे का म्हणतो, ते सविस्तर पाहू या.

सांध्यात नेमके काय बसवतात?

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून तिथे धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात. कमरेच्या हाडातल्या खोबणीत वाटी बसते, आणि त्या वाटीला आतून पॉलिथिलिनचे अस्तर असते. त्याला लायनर म्हणतात.

गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी बसते. नडगीच्या हाडावर धातूची एक चपटी तबकडी बसते. या दोघांच्या मध्ये पॉलिथिलिनची जाड चकती असते, तिचे नाव इन्सर्ट. गरज असेल तर गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूलाही पॉलिथिलिनचे बटण बसवतात. 'गुडघ्याची वाटी बदलली' असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात सबंध सांध्याचे पृष्ठभाग बदललेले असतात.

म्हणजे तुम्ही पाऊल टाकता तेव्हा चकचकीत धातू प्लॅस्टिकवरून सरकतो. साधे चालताना या पृष्ठभागांवर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, जिना चढता-उतरताना त्याहून जास्त. पाच हजार पावले रोज चालणारा माणूस वर्षभरात एका पायावर सुमारे नऊ लाख वेळा हे घडवतो. आता विचार करा, वीस वर्षांत किती?

घर्षण वेगळे, झीज वेगळी

आपल्या सगळ्यांची एक समजूत असते. जे गुळगुळीत ते कमी घासणार, जे कमी घासणार ते कमी झिजणार. ऐकायला अगदी बरोबर वाटते. पण न्हाणीघरातला साबण आठवा. ओल्या हातातून निसटणारी, घरातली सर्वांत गुळगुळीत वस्तू ती. आणि झिजते सर्वांत लवकर!

दुसरे उदाहरण शिसपेन्सिलीचे. पेन्सिल कागदावरून किती हलकी सरकते. का सरकते? कारण ती स्वतःचाच एक पातळ थर कागदावर सोडत पुढे जाते. त्या थराला आपण अक्षर म्हणतो. लिहिणे जितके सोपे, तितकी पेन्सिल लवकर संपते.

दोन पदार्थ एकमेकांवर सरकताना जो अडथळा येतो ते घर्षण. सरकताना पदार्थाचा जो भाग सुटून निघून जातो ती झीज. या दोन गोष्टी सख्ख्या बहिणी वाटल्या तरी एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. हे वाक्य वाचायला सोपे आहे. वैद्यकशास्त्राला ते शिकण्यासाठी शेकडो रुग्णांच्या खुब्यांची किंमत मोजावी लागली.

टेफ्लॉनचा धडा

इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन नावाचे हॉस्पिटल आहे. तिथले अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली हे आधुनिक खुबेबदलाचे जनक मानले जातात. १९५०च्या दशकात फ्रान्समधील ज्युडे बंधूंनी प्रचारात आणलेला ॲक्रिलिकचा गोळा काही रुग्णांच्या खुब्यात बसवला जाई. असा एक रुग्ण चार्नलींकडे आला. हालचाल केली की त्याचा खुबा करकरत असे. चार्नलींच्या लक्षात आले की ही करकर म्हणजे घर्षण. निसर्गाने दिलेल्या सांध्यात कूर्चेवर कूर्चा इतक्या अल्प घर्षणाने सरकते की माणसाने बनवलेले बेअरिंग तिच्या जवळपासही येत नाही. तेव्हा कृत्रिम सांध्यातले घर्षण कमीत कमी करायचे, हे त्यांचे ध्येय ठरले.

त्या काळी सर्वांत कमी घर्षणाचे प्लॅस्टिक म्हणजे टेफ्लॉन. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना ते योगायोगाने सापडले होते. आपल्या नॉनस्टिक तव्यावर असते तेच. चार्नलींनी त्याच्या वाट्या बनवल्या आणि त्यात स्टीलचा गोळा बसवला. १९५८च्या सुमारास सुरू झालेले हे काम साधारण तीनशे रुग्णांपर्यंत गेले. सुरुवातीचे परिणाम डोळे दिपवणारे होते. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, वेदना थांबल्या.

मग दोन-तीन वर्षांत दुखणे परतू लागले. एक्स-रेमध्ये दिसले की स्टीलचा गोळा टेफ्लॉनच्या वाटीत कित्येक मिलिमीटर आत घुसला आहे. शस्त्रक्रिया करून पाहिले तर सांध्याभोवती पांढरट, चिजासारखा लगदा साचलेला.

असे का झाले? टेफ्लॉनचे रेणू लांब, सरळ आणि गुळगुळीत काड्यांसारखे असतात. ते एकमेकांना धरून ठेवत नाहीत. धातू त्यावरून सरकला की वरच्या रेणूंचा एक पातळ पापुद्रा सुटतो आणि धातूला चिकटतो. मग टेफ्लॉनवर टेफ्लॉन सरकू लागते, म्हणूनच घर्षण एवढे कमी. पण तो पापुद्रा धातूवर कायम राहत नाही. तो गळून पडतो, त्याच्या जागी नवा लागतो, तोही गळतो. अगदी पेन्सिलीसारखे. ज्या गुणामुळे टेफ्लॉन निसरडे, त्याच गुणामुळे ते भाराखाली झपाट्याने झिजणारे. तव्यावर हे चालून जाते, कारण तव्यावर कोणी उभे राहत नाही!

चार्नलींनी यानंतर जे केले त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. टेफ्लॉनच्या कणांना शरीर कसे वागवते हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत घालून घेतले. तिथे उठलेल्या गाठींविषयी १९६३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. अपयश झाकले नाही.

गिरणीतून आलेले प्लॅस्टिक

मधल्या काळात, १९६२च्या मे महिन्यात, एक विक्रेता हॉस्पिटलच्या कार्यशाळेत एका नव्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. तिथल्या मागांच्या चाकांसाठी हे प्लॅस्टिक वापरले जात असे. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिले आणि ते बाजूला ठेवले. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा गुपचूप झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र अहोरात्र चालले. टेफ्लॉन एका दिवसात झिजत होते त्यापेक्षाही हा तुकडा तीन आठवड्यांत कमी झिजला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून त्याच्या वाट्या रुग्णांना बसवल्या जाऊ लागल्या.

हे प्लॅस्टिक म्हणजे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलिन. भाजीच्या पिशवीतल्या पॉलिथिलिनच्याच कुळातले, पण त्याच्या एकेका साखळीत दोन लाखांच्या घरात कार्बनचे अणू असू शकतात. इतक्या लांब साखळ्या शेवयांच्या गुंत्यासारख्या एकमेकींत अडकतात आणि सहज सुटत नाहीत. शरीरातल्या द्रवाने ओले असताना हे पॉलिथिलिन धातूवर टेफ्लॉनसारखा थरही फारसा सोडत नाही. घर्षण टेफ्लॉनपेक्षा थोडे जास्त, पण झीज कितीतरी कमी. गेली साठ वर्षे सांधेबदलाचा डोलारा या पदार्थावर उभा आहे.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. पॉलिथिलिनवर धातू एकाच रेषेत पुढे-मागे सरकत राहिला तर साखळ्या त्या दिशेला लोळतात आणि पृष्ठभाग उलट चिवट होतो. पण आपला खुबा सरळ रेषेत हलत नाही. चालताना तो थोडा वळतो, थोडा तिरका होतो. अशा आडव्या ओढीने त्या लोळलेल्या साखळ्या एकमेकींपासून सुटतात आणि कण निघतात. यंत्रावर सरळ रेषेत केलेल्या जुन्या चाचण्या म्हणूनच झीज कमी दाखवत. प्रयोगशाळेतले आकडे आणि माणसाचे चालणे यांत अंतर असते, ते असे.

धातूच्या पृष्ठभागाचेही महत्त्व आहे. तो आरशासारखा घासलेला असतो. पण हाडाचा एखादा चुरा किंवा सिमेंटचा कण मध्ये अडकला की धातूवर ओरखडा उठतो. ओरखड्याच्या कडा किसणीसारख्या उभ्या राहतात आणि प्रत्येक पावलाला प्लॅस्टिक किसले जाते.

झिजलेले प्लॅस्टिक जाते कुठे?

गाडीचा टायर झिजला तर त्याची भुकटी रस्त्यावर पडते. सांध्याची भुकटी शरीरातच राहते, आणि खरा प्रश्न इथे सुरू होतो.

जुन्या प्रकारच्या पॉलिथिलिनच्या खुब्यात वाटी वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटर झिजत असे. हा आकडा नगण्य वाटतो. पण निघणारे कण बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. हिशेब केला तर एका पावलामागे लाखो कण निघतात. आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. जंतू, कचरा, मेलेल्या पेशी गिळून साफ करणे हे त्यांचे काम. त्या हे कणही गिळतात. जंतू पचतो, प्लॅस्टिक पचत नाही. मग त्या पेशी मदतीसाठी रासायनिक संदेश सोडतात. या संदेशांनी हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी जाग्या होतात आणि इम्प्लांटच्या आजूबाजूचे निरोगी हाड पोखरू लागतात. याला ऑस्टिओलायसिस म्हणतात. हाड पोखरले की त्याला धरून बसलेला सांधा सैल होतो.

लक्षात घ्या, इथे प्लॅस्टिक 'संपून' सांधा बिघडतो असे क्वचितच घडते. प्लॅस्टिक शिल्लक असते, हाड जाते. एकेकाळी डॉक्टरांना वाटले की हा दोष सिमेंटचा आहे. त्याला 'सिमेंटचा आजार' असे नावही पडले होते. मग सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्यांतही हाड पोखरलेले दिसले आणि प्लॅस्टिकच्या कणांकडे बोट वळले.

यातली सर्वांत घातक गोष्ट म्हणजे हे सगळे बराच काळ मुकाट्याने चालते. दुखत नाही, सूज येत नाही, ताप येत नाही. रुग्ण खुशाल असतो. दुखायला लागेपर्यंत कधी कधी हाडाचा मोठा भाग गेलेला असतो. लवकर लक्षात आले आणि धातूचे भाग घट्ट असले, तर काही वेळा फक्त लायनर किंवा इन्सर्ट बदलून भागते. उशीर झाला तर सगळा सांधा काढून, हाड भरून, मोठी आणि खर्चिक शस्त्रक्रिया करावी लागते, तीही वय वाढलेले असताना. ही झीज थांबवणारी गोळी उपलब्ध नाही. उपाय एकच, वेळेवर एक्स-रे.

प्लॅस्टिक सुधारले, पण सगळीकडे सारखे नाही

पूर्वी पॉलिथिलिनचे भाग हवाबंद न करता गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. त्या किरणांनी साखळ्या तुटत, आणि तुटलेल्या टोकांशी हवेतला ऑक्सिजन संयोग पावे. गोदामात काही वर्षे पडून राहिलेला असा भाग आतून ठिसूळ झालेला असे. गुडघ्यांत बसवल्यावर त्याचे पापुद्रे निघत. १९९०च्या दशकात हे कारण उलगडले आणि निर्जंतुकीकरण ऑक्सिजनविरहित वातावरणात होऊ लागले.

त्याच दशकाच्या अखेरीस 'क्रॉसलिंक' केलेले पॉलिथिलिन आले. यात जास्त मात्रेचे किरण देऊन साखळ्यांमध्ये आडवे दुवे तयार करतात, आणि नंतर उष्णता देऊन मोकळी उरलेली टोके शांत करतात. खुब्यात याचा फायदा निर्विवाद ठरला आहे. झीज जुन्यापेक्षा कित्येक पटींनी कमी झाली आणि हाड पोखरण्याचे प्रमाणही घटले. पुढे काही प्रकारांत ऑक्सिडीकरण रोखण्यासाठी ई जीवनसत्त्वही मिसळू लागले.

मग सगळीकडे तेच का वापरू नये? कारण प्रत्येक सुधारणेची किंमत असते. आडवे दुवे वाढवले की पदार्थ झिजायला कठीण होतो, पण थोडा कमी चिवट होतो. फार पातळ लायनरची कड तडकल्याची उदाहरणे आहेत. गुडघ्यात भार एका लहान जागेवर येतो आणि तिथला धोका झिजण्यापेक्षा थकून तडे जाण्याचा असतो. म्हणून गुडघ्याच्या बाबतीत नव्या प्लॅस्टिकचा फायदा खुब्याइतका ठळक दिसलेला नाही. "सर्वांत महाग तेच बसवा" हे सूत्र इथे चालत नाही. तुमचे वय, वजन, हालचाल आणि सांधा पाहून सर्जनने निवड करायची असते. तुम्ही ती समजून घ्यायची असते.

प्लॅस्टिकच नको म्हटले तेव्हा

झिजणारे प्लॅस्टिक काढूनच टाकले तर? हा विचार २०००च्या दशकात जोरात होता. धातूच्या वाटीत धातूचा गोळा, म्हणजे झीज नाहीशी, तरुण रुग्णांनाही आयुष्यभराचा सांधा, असे सांगितले जाई. झीज खरोखर कमी झाली. पण निघाले ते कण अतिसूक्ष्म धातूचे. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात वाढू लागले, काही रुग्णांत सांध्याभोवतीचे स्नायू आणि ऊती नासल्या. एएसआर नावाचा असा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला.

भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. २०१८ साली समोर आलेल्या केंद्रीय तज्ज्ञ समितीच्या अहवालानुसार त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. ज्यांच्या शरीरात सदोष सांधा आहे, त्यांना ते कळवायचे, तर ते कुठे आहेत हेच माहीत नव्हते! कुणी घर बदलले, कुणाचा फोन बदलला आणि कुणाच्या कागदावर सांध्याचे नावच नव्हते.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत गंभीर भाग आहे. सदोष वस्तू कोणत्याही क्षेत्रात निघू शकते. चार्नलींसारखा माणूसही टेफ्लॉनपाशी चकला. पण त्यांना आपले रुग्ण कुठे आहेत ते माहीत होते, म्हणून दोष लवकर कळला. आपल्याकडे दोष जाहीर झाल्यावरही रुग्ण सापडत नाहीत.

मला काय म्हणायचे आहे?

स्वीडनमध्ये गुडघेबदलाची राष्ट्रीय नोंदवही १९७५ पासून आहे, खुब्याची १९७९ पासून. ऑस्ट्रेलियाची १९९९ पासून आणि इंग्लंडची २००३ पासून. कोणता सांधा किती वर्षांनी बदलावा लागला, हे तिथे नोंदीतून कळते. अशाच नोंदींवर आधारलेले एक मोठे विश्लेषण २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यानुसार पंचवीस वर्षांनंतर शंभरातले सुमारे ८२ गुडघे आणि ५८ खुबे टिकून होते. हे जुन्या काळी बसवलेले सांधे होते, आजच्यांकडून अधिक अपेक्षा ठेवता येते. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेने २००६ पासून नोंदवही चालवली आहे, तो प्रयत्न स्तुत्य आहे. पण ती ऐच्छिक आहे. ज्याला वाटेल तो नोंद करतो. अशा नोंदी सक्तीच्या व्हायला हव्यात.

दुसरी गोष्ट किमतीची. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती बांधून दिल्या. सामान्य रुग्णासाठी हा मोठा दिलासा होता आणि मी त्याचे स्वागतच करतो. त्यावेळी कोबाल्ट-क्रोमियमच्या प्रचलित गुडघ्याची मर्यादा जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली, तर टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या गुडघ्याची ७६,६०० रुपये. पहिल्या रकमेत प्लॅस्टिकच्या इन्सर्टचा वाटा होता ९,५५० रुपयांचा. म्हणजे गुडघ्याचे वर्ग पडले ते मुख्यतः धातूवरून. साहजिकच रुग्णही धातूचीच चौकशी करतो. जाहिरातीत सोनेरी मुलामा दिसतो, प्लॅस्टिकचा फोटो कोणी छापत नाही.

धातूला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. धातूची ॲलर्जी, हाडाशी जुळणे, पृष्ठभागाचा कठीणपणा या गोष्टी विचारात घ्याव्याच लागतात. पण एका बाजूचीच माहिती घेऊन घेतलेला निर्णय अर्धवट असतो.

सर्जन मित्र यावर म्हणतील, "रुग्णाला हे सांगून काय उपयोग? उगाच घाबरेल." मला ते पटत नाही. आपला रुग्ण चारचाकी घेताना टायर कोणत्या कंपनीचा आणि किती किलोमीटर चालणार ते विचारतो. त्याला दोन मिनिटे नीट समजावले तर तो घाबरत नाही, सावध होतो. आणि सावध रुग्णच दहा वर्षांनी एक्स-रे काढायला आपणहून येतो.

तुम्ही काय करावे?

१. शस्त्रक्रियेआधी सर्जनना विचारा : प्लॅस्टिक साधे आहे की क्रॉसलिंक केलेले? माझ्यासाठी हेच का निवडले? जाडी पुरेशी आहे ना?

२. इम्प्लांटच्या प्रत्येक भागाच्या वेष्टनावर स्टिकर असते. त्यावर कंपनी, मॉडेल, आकार आणि बॅच क्रमांक असतो. प्रत्येक भागाचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा. इन्सर्टचे किंवा लायनरचे आहे की नाही, ते नक्की पाहा.

३. त्या पानाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पत्ता किंवा फोन बदलला तर हॉस्पिटलला कळवा.

४. दुखत नसले तरी एक्स-रे चुकवू नका. पहिल्या वर्षी, आणि पुढे सर्जन सांगतील त्या अंतराने. दहा वर्षे झाली असतील तर आता वाट पाहू नका. जुने एक्स-रे टाकून देऊ नका, कारण झीज तुलनेतून कळते.

५. वजन आटोक्यात ठेवा. झीज भार आणि सरकण्याचे अंतर या दोन्हींवर ठरते. चालणे बंद करू नका. सपाटीवरचे चालणे, पोहणे, सायकल चालवणे उत्तम. धावणे, उड्या मारणे टाळा. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे याबाबत तुमच्या सर्जनचा सल्ला पाळा, कारण खोल वाकताना भार प्लॅस्टिकच्या लहानशा भागावर एकवटू शकतो. "वारीला जाऊ का?" असे विचारणाऱ्यांना मी सांगतो, आधी सर्जनना दाखवा, सराव करा आणि घाटात गाडी घ्या. विठोबा रागावणार नाही.

६. चालताना गुडघ्यात हलकासा 'टक्' आवाज बहुतेकदा धातू प्लॅस्टिकला टेकल्याचा असतो, त्याने घाबरू नका. पण नव्याने दुखू लागले, सांधा सैल वाटू लागला, सूज आली, पाय आखूड भासू लागला किंवा ताप आला, तर घरगुती तेल चोळत बसू नका.

वाचकहो, सांधेबदल ही गेल्या शतकातली एक अत्यंत यशस्वी शस्त्रक्रिया आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी ती जरूर करून घ्यावी, हा लेख वाचून कोणी पुढे ढकलू नये. फक्त एवढे ध्यानात ठेवा की नवा सांधा जिवंत नाही. मूळ कूर्चाही फारशी भरून येत नाही, पण या प्लॅस्टिकला तर स्वतःची डागडुजी मुळीच करता येत नाही. त्याची काळजी आपणच घ्यायची असते, आणि काळजी घ्यायची तर आधी ते काय आहे हे माहीत असावे लागते.

तुमच्या घरात कुणाचा गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, तर आज त्यांची फाइल काढा आणि त्यात ती स्टिकर्स आहेत का ते पाहा. नसतील तर हॉस्पिटलकडे लेखी मागणी करा. ती माहिती मिळणे हा तुमचा हक्क आहे.